मालाडला आलेला अंधार

'महल' म्हटलं की लोकांना लताबाईंचं गाणं आठवतं. मी कॅमेरा खात्यातला माणूस. उभी हयात फोकस पुलर म्हणून, नटाच्या डोळ्यापासून लेन्सपर्यंत टेप धरण्यात गेली. मला त्या सिनेमातला अंधार आठवतो. तो मालाडला आणला जोसेफ विर्शिंग या म्युनिकच्या कॅमेरामनने.

म्युनिकच्या एमेल्का कंपनीने १९२५ साली दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेनबरोबर त्याला 'प्रेम संन्यास'च्या चित्रीकरणासाठी हिंदुस्थानात धाडलं. गंमत अशी, की त्याच वर्षी त्याच कंपनीच्या स्टुडिओत लंडनहून आलेला एक तरुण आपला पहिला पूर्ण चित्रपट करत होता. त्याचं नाव आल्फ्रेड हिचकॉक. जर्मनीत तेव्हा सावल्यांना नटांइतकाच मान होता. मुर्नाऊच्या 'नोस्फेरातू'त (१९२२) पिशाच्च जिना चढतं, पण दिसते ती भिंतीवरून सरकणारी त्याची लांब बोटांची सावली. नट दाखवलाच नाही, म्हणून माणसं घाबरली.

हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली मालाडला बॉम्बे टॉकीज काढली, तेव्हा ऑस्टेन आणि विर्शिंग तिथे आले. 'अछूत कन्या' विर्शिंगनेच टिपला. १९३९ साली युद्ध पेटलं आणि जर्मन म्हणून इंग्रजांनी त्याला छावणीत डांबलं. सुटून आल्यावर, १९४९ साली, कमाल अमरोहींचा 'महल'.

त्यात झोपाळ्यावर मधुबाला दिसते आणि अशोककुमार जवळ पोचेपर्यंत नाहीशी होते. त्या महालात उजेड बेतानेच आहे, पण तो काळोख फुकटचा नव्हे. त्या काळची फिल्म मंद. काळोख दाखवायलासुद्धा सेटवर घाम निथळेल इतके दिवे लागत. मग तो उजेड कापायचा. दिव्यापुढे स्टँडवर काळा कटर उभा करायचा. कटर दिव्याजवळ ठेवला तर सावलीची कड विरघळते, भिंतीजवळ नेला तर सुरीसारखी धारदार होते. कुठली कड बोथट आणि कुठली धारदार, हे ठरवण्यात लाइटमनचा अख्खा दिवस जाई. प्रेक्षकाला कटर दिसत नाही. जिन्याखाली कोणीतरी उभं आहे एवढंच वाटत राहतं.

हिचकॉकने मात्र पुढे भीती लेन्समध्ये शोधली. 'व्हर्टिगो'त (१९५८) उंचीला घाबरणारा नायक जिन्यावरून खाली पाहतो आणि खालची जमीन लांब पळते. ती क्लृप्ती बसवली दुसऱ्या युनिटच्या इर्मिन रॉबर्ट्सने: कॅमेरा एका दिशेने सरकवायचा आणि त्याच क्षणी झूम उलट्या दिशेने. जिन्याची प्रतिकृती आडवी पाडून हा शॉट घेतला आणि त्यावर १९ हजार डॉलर खर्च झाले. 'जॉज'मध्ये (१९७५) किनाऱ्यावर बसलेल्या पोलीसप्रमुखाच्या चेहऱ्यावर हेच केलं. हा शॉट आमच्या वाट्याला आला की तीन जोड्या हात एका श्वासात चालावे लागत. एकाचे ट्रॉलीवर, दुसऱ्याचे झूमवर, माझे फोकसच्या रिंगवर. एकाचीही लय चुकली की रीटेक, आणि फिल्म वाया गेली म्हणून निर्मात्याची बोलणी.

आता मालिकांत सुनेच्या हातून ताट पडलं तरी हा झूम येतो. त्याने दचकायला होतं, भीती वाटत नाही. माझं मत विचाराल तर आपल्याकडे कटरइतकं भयंकर यंत्र दुसरं आलेलं नाही.

विर्शिंग १९६७ साली मुंबईतच गेला. तो टिपत असलेला 'पाकीजा' तेव्हा अर्धवट होता, तो लागला १९७२ साली. 'महल' पुन्हा पाहाल तेव्हा पहिला अर्धा तास आवाज बंद करून पाहा. गाणं बुडेल, पण भीती तशीच राहील. आणि नामावलीत छायाचित्रकाराचं नाव येईल ते वाचायचं विसरू नका.