तारेवरच्या दोन वेळा

धानविक्रीची नोंदणी असो की सातबारा, आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला एक वाक्य पाठ झाले आहे : 'सर्व्हर स्लो आहे.' पण स्लो म्हणजे किती, आणि नेमका कुठे? हा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे.

१८५५ मध्ये आपल्या देशात तारसेवा सर्वांसाठी खुली झाली. पुढे रेल्वेच्या रुळांकडेने तारेचे खांब गावोगाव आले. तारेच्या कागदावर मजकुराशिवाय दोन वेळा असत. एक, पाठवणाऱ्याने तार खिडकीत दिल्याची. दुसरी, ती इकडच्या कचेरीत पोचल्याची.

माझ्या लहानपणी मामूंच्या निधनाची तार आली, तेव्हा तिकडे दफन उरकले होते. अब्बांनी कागद कंदिलाजवळ धरला. सकाळी दिलेली तार पाऊण तासात शहरात पोचली होती. बाकीचा दिवस वाटेतल्या नाल्याच्या पुरात गेला होता. त्या दोन वेळा नसत्या, तर अब्बांनी जन्मभर तारेलाच बोल लावला असता.

सर्व्हरचेही असेच आहे. आपण बटण दाबतो, मागणी तारेतून जाते, दाराशी रांगेत थांबते, मग आत घेतली जाते. पुष्कळदा सर्व्हरचे घड्याळ मागणी आत घेतल्यावरच सुरू होते. माणूस अर्धा मिनिट ताटकळतो आणि नोंदवहीत अर्धा सेकंदही लागत नाही! उपाय तारखात्याचाच : दारावरच्या यंत्राने प्रत्येक मागणीवर येण्याची वेळ टाकायची आणि आत घेतल्याच्या वेळेतून ती वजा करायची. मात्र दोन्ही घड्याळे जुळलेली हवीत. देशासाठी १९०६ मध्ये एकच प्रमाणवेळ आली, ती याच गरजेपोटी. संगणकांची घड्याळे जुळवण्याची पद्धत १९८५ मध्ये ठरली.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणिती एरलांग यांनी १९०९ पासून अशा रांगांचे गणित मांडले. त्या शास्त्राचे सांगणे असे की, काम क्षमतेच्या काठाशी आले की थांबणे हळूहळू वाढत नाही, एकदम उसळते. नोंदणीच्या शेवटच्या दिवशी आपण तेच भोगतो.

जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. तिचा एक धडा मात्र ठेवून घ्यावा. माणूस दारात आला, त्या क्षणापासून त्याची वेळ मोजली पाहिजे. नाहीतर त्याचे थांबणे कुठेच लिहिले जात नाही, आणि जे लिहिलेच नाही ते कोणी दुरुस्त करत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)