हैदराबाद क्रमांक १२-अ (बॉम्बफेकी विमान)

पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश हवाई दलाचे बॉम्बफेकी विमान. प्रकार डी. एच. ९-ए, अनुक्रमांक एफ १०१०. हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या देणगीतून युद्धासाठी जी १८ विमाने उभी राहिली, त्यांपैकी हे एक. चाकूर, लातूर, नांदेडसह सगळा मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता आणि शेतसारा हा त्या राज्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. विमानावर नाव निजामाचे रंगवले गेले. पण ज्या तिजोरीच्या बळावर निजाम अशा देणग्या देत, तिच्यात ज्वारी-कापूस पिकवणाऱ्यांचा घाम होता. म्हणून या विमानाची नोंद मराठवाड्याच्या इतिहासातही हवी.

इंग्लंडमधील येओव्हिल येथील वेस्टलँड कारखान्यात १९१८ साली ते बांधले गेले. एकावर एक पंखांच्या दोन जोड्या, लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणलेले कापड, अशी त्याची रचना. आधीच्या डी. एच. ९ चे इंजिन फार दुबळे ठरल्याने या सुधारित प्रकारात ४०० अश्वशक्तीचे अमेरिकन लिबर्टी इंजिन बसवण्यात आले. पुढे वैमानिक आणि त्याच्या मागे मशीनगन घेतलेला निरीक्षक, असे दोनच जण विमानात असत. त्याही आधीच्या डी. एच. ४ मध्ये दोघांच्या मधोमध पेट्रोलची टाकी असल्याने लढाईत एकमेकांशी बोलणेही कठीण होई. इथे दोघे जवळजवळ बसत. पॅराशूट मात्र त्या काळी ब्रिटिश वैमानिकांना दिलेच जात नसे. विमान पेटले तर सुटकेचा मार्ग नव्हता.

निजामाची विमाने ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला मिळाली आणि तिला ‘हैदराबाद स्क्वाड्रन’ हे नाव पडले. डी. एच. ९-ए घेऊन युद्धात उतरलेली ही पहिलीच तुकडी. १ सप्टेंबर १९१८ च्या सुमारास ती फ्रान्समधील बेतोंकूर येथे दाखल झाली आणि ब्रिटिश हवाई सेनानी ट्रेंचार्ड यांच्या ‘इंडिपेंडंट फोर्स’ या बॉम्बफेकी दलाखाली जर्मन शहरांवर, रेल्वेवर आणि विमानतळांवर दिवसाढवळ्या हल्ले करू लागली. १४ सप्टेंबरला बुले येथील विमानतळावर पहिली मोहीम झाली. पुढे मानहाइम, फ्रँकफर्ट अशी लांबची लक्ष्ये आली. लढाऊ विमानांचे संरक्षण सोबत नसे. रांग धरून एकत्र उडणे आणि मागच्या बंदुकांवर भरवसा ठेवणे एवढाच बचाव होता. तो अपुरा पडला. २१ ऑक्टोबरच्या एकाच मोहिमेत सात विमाने परतली नाहीत. युद्धविरामापर्यंत तुकडीने सुमारे साडेदहा टन बॉम्ब टाकले आणि त्यासाठी १७ विमाने लढाईत, २८ अपघातांत गमावली. दोन-अडीच महिन्यांच्या कामगिरीसाठी ही किंमत भयंकर होती.

एफ १०१० चा शेवटचा हल्ला ५ ऑक्टोबर १९१८ चा. जर्मनीतील कायझरस्लाउटर्न आणि पिरमासेन्स या शहरांवरील मोहिमेत ते शत्रूच्या हद्दीत उतरले. वैमानिक कॅप्टन ए. इंग्लिस आणि निरीक्षक सेकंड लेफ्टनंट डब्ल्यू. जी. एल. बॉडली युद्धकैदी झाले. जिवंत राहिले, हे त्या तुकडीत नशीबच म्हणायचे. युद्ध थांबायला अवघे पाच आठवडे उरले होते. याच सुमारास इकडे दख्खनमध्ये पावसाने दगा दिला होता आणि इन्फ्लुएंझाच्या साथीत माणसे पटापट मरत होती. राज्याच्या दानशूरपणाचा हिशेब मांडताना हे साल विसरता येत नाही.

जर्मनांनी विमान मोडीत काढले नाही. पुढे बर्लिनच्या विमानसंग्रहालयात ते युद्धातील लूट म्हणून मांडले गेले. दुसऱ्या महायुद्धात संग्रहालयावर बॉम्ब पडण्यापूर्वी संग्रहाचा काही भाग पूर्वेकडे, आजच्या पोलंडमध्ये, हलवण्यात आला होता. त्यामुळे एफ १०१० पोलंडमध्ये राहिले आणि क्राकूच्या संग्रहालयात पोचले. १९७७ मध्ये एका स्पिटफायर विमानाच्या बदल्यात ते ब्रिटनला परत मिळाले. पंख नव्याने बनवून त्याची दुरुस्ती करण्यात आली.

हैदराबादचे नाव स्क्वाड्रनकडे नंतरही राहिले. ४ सप्टेंबर १९३९ रोजी विल्हेल्म्सहाफेनजवळच्या जर्मन नौदलावर झालेल्या, दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिशांच्या पहिल्या बॉम्बहल्ल्यात तिची ब्लेनहाइम विमाने होती आणि पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवरही ती लढली. एफ १०१० आज लंडनच्या हेंडन भागातील रॉयल एअर फोर्स संग्रहालयात आहे. प्रवेशाला शुल्क नाही. लंडनला जाणाऱ्या मराठवाड्याच्या माणसाने ते अवश्य पाहावे.