रात्रीचा पहारा : महाड-पोलादपूरचा एक अध्याय

अतिदक्षता विभाग हा शब्द आता आपल्या कानांना इतका सवयीचा झाला आहे की, तो कोणत्या गरजेतून जन्मास आला हे विचारण्याचे आपण विसरलो आहोत. १९५२ साली कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रोगी तेथील ब्लेगडॅम रुग्णालयात येऊ लागले, आणि पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ जणांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून, नळी घालून, रबरी पिशवीने हवा भरण्याचा उपाय केला. पण पिशवी दाबायची कोणी? पुरेशी यंत्रे नव्हती. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस रोग्यांच्या उशाशी बसले. अतिदक्षता विभागाचा उगम यंत्रात नसून जागरणात आहे, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. कारण पुढचा सारा वाद त्यातूनच निघतो. जागायचे कोणी? तज्ज्ञाने, की कोणाही डॉक्टराने?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या कोकणात, सावित्रीच्या काठी मिळाले.

महाड म्हटले की आपल्यासमोर चवदार तळे आणि रायगड उभा राहतो. पण या तालुक्यांना दुसराही एक इतिहास आहे, आणि तो अंधाराचा आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, जांभ्या दगडाच्या या मुलखात लाल विंचू उदंड. दिवसा तो दगडाखाली, लाकडांच्या ढिगात दडतो आणि दिवेलागणीनंतर बाहेर पडतो. एकनाथांच्या विंचवाच्या भारुडावर आपण हसतो. पण ज्या घरातले पोर विंचवाने गेले त्या घराला ते हसू कसे सुचावे? दंश झाला की प्रथम मांत्रिक, मग झाडपाला, आणि मग मध्यरात्री डोलीतून किंवा बैलगाडीतून सरकारी दवाखाना. तोवर पोराला दरदरून घाम सुटलेला, उलट्या चाललेल्या, हातपाय बर्फासारखे गार. पुढे तोंडाला फेस येई आणि पहाटेपूर्वी खेळ आटोपे. विंचुदंशानंतर फुप्फुसांत पाणी होते, हे मुंडले यांनी १९६१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिले होते. निदान झाले होते. उतारा मात्र नव्हता. गंभीर दंशाच्या शंभर रोग्यांत पंचवीस-तीस मरत.

१९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. त्यांनी काय केले? ते रोग्याजवळ बसून राहिले. एवढ्याचे कौतुक काय, असे कोणी विचारील. पण नाडी, रक्तदाब, घाम, पायांचा गारवा हे तासातासाला टिपत रात्री काढल्या, तेव्हाच कोणत्या लक्षणांमागून मरण येते याचा क्रम हाती लागला. ही पूर्वसूचक लक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. मध्यंतरी ते पुण्यास जाऊन एम. डी. झाले होते. आता तज्ज्ञ झालेल्या माणसाने शहरात पाटी लावावी ही जगरहाटी. हे परतले ते पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात.

विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय त्या बंद दारावर धडका देत थकते. म्हणून आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड त्यांनी शिरेतून देऊन पाहिले. गुण आला. पण हे औषध म्हणजे धारेवरचे चालणे. थेंब चार अधिक पडले की रक्तदाब कोसळतो. त्याला सलाईनच्या बाटलीजवळून न हलणारा, हात बसलेला माणूस रात्रभर लागतो. असा माणूस पोलादपुरात एक होता. वाडीवस्तीवर एकही नव्हता.

मग त्यांची दृष्टी वळली रक्तदाबावरच्या प्राझोसिन या गोळीकडे. काम तेच, पण तोंडाने घेण्याजोगे आणि स्वस्त. गोळी द्यायची, रोग्याला आडवे ठेवायचे, आईने मूल कडेवर उचलू नये म्हणून बजावायचे, कारण उठून बसताच रक्तदाब उतरू शकतो. आणि पाय ऊबदार होईतो तीनतीन तासांनी पुन्हा गोळी. १९८६ साली हाही अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढच्या काळात गंभीर दंशाचे मृत्यू शेकड्यास एकाच्या आसपास आले. एका तज्ज्ञाचे जागरण अशा रीतीने एका गोळीत उतरले, आणि ती गोळी जेथे तज्ज्ञ नाही तेथेही पोहोचली.

आता परदेशाकडे पाहू. रात्री तज्ज्ञ विभागातच हजर हवा, असा आग्रह अमेरिकेत वाढला, तेव्हा फिलाडेल्फियात वर्षभर त्याची रीतसर कसोटी घेतली गेली. १५९८ रोग्यांचा हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की, रात्री तज्ज्ञ हजर असल्याने ना मृत्यू घटले, ना मुक्कामाचे दिवस. हे वाचून आपल्याकडचा एखादा हिशेबनीस खूश होईल. त्याने थोडे पुढे वाचावे. तेथे तज्ज्ञ नसलेल्या रात्रीही शिकाऊ निवासी डॉक्टर जागे होते आणि तज्ज्ञ फोनवर मिळत होता. आपल्याकडे प्रश्न तज्ज्ञ की निवासी असा नसतो; कोणी आहे की नाही, असा असतो. २०२१-२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या मानाने सुमारे ८० टक्के तज्ज्ञ कमी होते. आणि एक पद भरले तरी काय? आठवड्याचे तास १६८. एका माणसाने त्यातले किती जागावे?

महाडात मात्र या तासांचाच हिशेब पुढे चालू राहिला. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या सहधर्मचारिणी डॉ. प्रमोदिनी यांनी तेथील आपल्या रुग्णालयात ७० रोग्यांवर अभ्यास केला. तो २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. ३५ जणांना नुसती गोळी, ३५ जणांना गोळीबरोबर मुंबईच्या हाफकिनची विंचुविषावरील लस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२. बरे होण्यास लागणारा सरासरी वेळ सुमारे १८ तासांवरून ८ तासांवर आला. संध्याकाळी सातला आणलेले पोर पूर्वी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नजरेखाली ठेवावे लागे. आता ते पहाटे तीनच्या सुमारास पाय गरम होऊन निजते, आणि उशाशी बसलेल्यालाही थोडे निजता येते.