शेतावरचा पाहुणा

शहरातील कुटुंबाने सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह एखाद्या शेतावर जावे, त्या त्या ऋतूची तेथील मौज अनुभवावी आणि सायंकाळी घरी परतावे, ही रीत अलीकडची समजली जाते. ‘कृषिपर्यटन’ हा शब्द नवा आहे यात संशय नाही; परंतु त्या शब्दामागचा व्यवहार जुना आहे आणि त्याच्या इतिहासात एक प्रश्न प्रारंभापासून दडून राहिला आहे. शेतावर येणारा मनुष्य तेथे कोणत्या नात्याने येतो? घरचा म्हणून, धनी म्हणून, की गिऱ्हाईक म्हणून? त्या शेताचे पुढे काय व्हावयाचे, हे पुष्कळ अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

हा इतिहास पाहावयास शिवथरचे खोरे सोयीचे आहे. रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यात, सह्याद्रीच्या कड्यांखाली ते पसरले आहे. समर्थ रामदासांनी येथील घळीत राहून दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ही घळ उजेडात आणली आणि यात्रेकरूंची पावले इकडे वळू लागली. पावसाळ्यात घळीपुढे प्रचंड धबधबा कोसळतो. तो पाहण्यासाठी शहरांतील कुटुंबे येतात आणि वाटेवर भातखाचरांच्या हिरव्या पायऱ्या पाहून हरखून जातात.

ती हिरवाई मात्र केवळ निसर्गाची देणगी नव्हे. उन्हाळ्यात रोपांच्या जागेवर शेण, फांद्या आणि पालापाचोळा पसरून तो भाजावयाचा, यास कोकणात राब म्हणतात. मृगाच्या पावसाबरोबर त्या भाजलेल्या जमिनीत भात पेरावयाचे, पुढे चिखलणी करून एकेक रोप खाचरात लावावयाचे. अंगावर इरले घेऊन, दिवसचे दिवस ओणव्याने चालणारे हे काम आहे. पाहुण्याला जे दृश्य दिसते, ते कोणाच्या तरी पाठीच्या कण्यावर उभे असते.

या खोऱ्यात मोसमी सुटीसाठी येणारा पहिला शहरवासी हा परका नव्हता. तो गावचाच मुलगा होता. १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली आणि पुढील काही दशकांत रत्नागिरी, सातारा व तेव्हाचा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांतील हजारो तरुण गिरणगावात गेले. वतनाची जमीन अपुरी, म्हणून मुंबईची मजुरी. आणि मजुरी बेभरवशाची, म्हणून गावची जमीन, असा हा दुहेरी संसार होता. हा चाकरमानी शिमग्याला व गणपतीला येई, जमल्यास लावणीला वा कापणीलाही येई. त्याची मुले शेत पाहावयास येत ती चिखलात उतरूनच. आश्विनात नवान्न पौर्णिमेला दाराशी नव्या भाताच्या लोंब्या बांधल्या जात, तेव्हा त्या भातात आपलाही हात आहे हे मुलांना ठाऊक असे.

असा प्रकार केवळ कोकणातच होता असे नाही. बीअरला कडूपणा आणणाऱ्या हॉप नावाच्या वेलीची फुले खुडण्यासाठी लंडनच्या पूर्व भागातील गरीब कुटुंबे सप्टेंबरात केंट परगण्यातील मळ्यांवर जात, तेथील झोपड्यांत आठवडेच्या आठवडे राहत आणि त्यालाच आपली वार्षिक सुटी मानीत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर यंत्रे आली आणि ही रीत मावळली. काम आणि विरंगुळा यांची अशी सांगड एकदा सुटली की ती पुन्हा बांधणे कठीण असते.

चाकरमान्याखेरीज दुसराही पाहुणा होता. देशावर ज्वारीचे दाणे कोवळे असताना शेतात आगटी पेटवून हुरडा भाजतात. तळहातावर चोळलेला तो गरम दाणा चटणी-गुळाबरोबर खावयाचा. रायगडच्या किनारपट्टीत हिवाळ्यात पोपटी लावतात. भातानंतर शेतात आलेल्या वालाच्या शेंगा, मीठ व ओवा मडक्यात घालून त्याचे तोंड भांबुर्ड्याच्या पाल्याने बंद करावयाचे, मडके उपडे ठेवून भोवती पेंढा पेटवावयाचा आणि पाण्याचा थेंबही न घालता शेंगा शिजवावयाच्या. हे सोहळे आप्तेष्टांसाठी होते, तसेच जमिनीच्या मालकांसाठीही होते.

येथे जुन्या काळाचे गोड चित्र थोडे पुसावे लागते. कोकणात खोती होती. पिकाचा मोठा वाटा घेणारा आणि कुळाकडून वेठ करवून घेणारा खोत शेतावर येई, तेव्हा त्याच्या पाहुणचाराला आतिथ्य म्हणणे कठीण आहे. याच जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी न कसण्याचा संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १९४९ च्या कायद्याने ती पद्धत संपुष्टात आली. म्हणून पैसे मोजून येणारा आजचा पाहुणा पाहून खंतावण्याचे कारण नाही. वेठीच्या ताटापेक्षा दाम घेऊन वाढलेले ताट अधिक प्रतिष्ठेचे आहे.

२००५ साली पांडुरंग तावरे यांनी बारामतीजवळ या व्यवसायाचा संघटित प्रयोग आरंभिला आणि २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने कृषिपर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. बैलगाडीची फेरी, हुरडा, चुलीवरची भाकरी यांना बाजारभाव आला. परंतु येथून पुढे दोन वाटा फुटतात, आणि दोन्ही इतर देशांनी चालून पाहिल्या आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये वॉल्टर नॉट यांचा बेरींचा मळा होता. १९३४ साली त्यांच्या पत्नी कॉर्डेलिया यांनी तेथे जेवण वाढावयास आरंभ केला. पंक्ती वाढल्या, ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांच्या करमणुकीसाठी १९४० पासून जुन्या खाणगावाचा देखावा उभा राहू लागला, मग खेळ व पाळणे आले. आज तेथे विख्यात करमणूक-उद्यान आहे, नावात बेरींचा मळाही आहे. मळा तेवढा उरलेला नाही. उलट इटलीने १९८५ च्या कायद्यात असे बंधन घातले की, पाहुण्यांची व्यवस्था शेतकऱ्याने खुशाल करावी, परंतु शेती हाच त्याचा मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे.

शिवथरसारख्या खोऱ्याला हा भेद जीवनमरणाचा आहे. कोकणच्या डोंगराळ गावांत लावणीला माणसे मिळणे कठीण झाले आहे आणि पुष्कळ खाचरे पडीक आहेत. खाचराचा बांध दरवर्षी सावरावा लागतो. हात थांबले की पायऱ्या ढासळतात आणि पाहण्याजोगेही काही उरत नाही.

शिवाय, ज्या पावसासाठी पाहुणे येतात, तो पाऊस येथे केवळ शोभेचा नाही. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन व कोंडीवते या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी याच तालुक्यातील तळिये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली. ओढ्याचे पाणी कधी गढूळते, कोणती वाट केव्हा सोडावी, हे ज्ञान तेथे वर्षभर राबणाऱ्याजवळ असते. शेतकरी उठून गेला तर पाहुण्याला सावध करणाराही उठून जाईल.

तेव्हा मुलांना शेतावर नेणाऱ्या गृहस्थाने धबधब्याबरोबर खाचरही दाखवावे आणि परवानगी मिळाली तर चार रोपे त्यांच्या हातून लाववावीत. परतताना तेथलाच तांदूळ, तेथलीच नाचणी रास्त भावाने विकत घ्यावी. तिकिटाचा पैसा देखाव्याला पोसतो. धान्याचा पैसा शेताला पोसतो, आणि शेत राहिले तरच पुढल्या पावसाळ्यात पाहावयास काही उरेल.