वेशीपलीकडचा भाव

शिर्डी म्हटले की आम्हांला भाविकांची रांग आठवते; कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांची आठवत नाही. वस्तुतः राहाता तालुक्यातले हे गाव गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांच्या मुलखात वसले आहे, आणि त्या मुलखाचे नशीब दूरच्या बाजारपेठांशी बांधलेले आहे.

जवळच लोणीला विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊस पिकवणारा कारखान्याचा मालक झाला. परंतु साखर देशाबाहेर किती जावी, हे ठरवणे त्याच्या हाती आले नाही. जून २०२२ पासून तिच्या निर्यातीवर निर्बंध आले.

कांद्याच्या वाट्याला तर एवढीही मालकी आली नाही. १९८० साली शरद जोशी यांनी चाकणला कांद्याच्या भावासाठी आंदोलन केले. पुढे चार दशकांनीही प्रश्न तोच राहिला. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यात बंद झाली, आणि काही देशांपुरती दिलेली सूट सोडता ती ४ मे २०२४ पर्यंत बंदच होती. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने थांबतो; डिसेंबरात निघणारा लाल कांदा थांबत नाही, तो मिळेल त्या भावाने विकावा लागतो. शहरातल्या ग्राहकाला मिळालेल्या दिलाशाची किंमत अशी शिवारात मोजली गेली.

आमच्या ग्रामीण साहित्याने दुष्काळ रंगवला, सावकार रंगवला. दिल्लीच्या एका अधिसूचनेने रातोरात कोसळणारा भाव मात्र आम्ही त्यात फारसा वाचलेला नाही.