मिउरा : दोषांसकट मौल्यवान

नोव्हेंबर १९६५ मध्ये तुरिनच्या मोटार प्रदर्शनात लॅम्बोर्गिनी कंपनीच्या दालनात ज्या वस्तूभोवती गर्दी जमली होती, तिला मोटार म्हणणे अवघड होते. दारे नाहीत, छप्पर नाही, बाह्यांगच नाही. वजन घटविण्यासाठी जागोजागी भोके पाडलेला पोलादी पत्र्याचा सांगाडा आणि चालकाच्या पाठीमागे आडवे बसविलेले बारा सिलिंडरचे इंजिन, एवढाच तो ऐवज होता. तरीही काही ग्राहकांनी तेथल्या तेथे मागणी नोंदविली. पुढे 'मिउरा' या नावाने विख्यात झालेल्या या मोटारीची गणना आज जगातील सर्वाधिक प्रतिष्ठेच्या संग्राह्य मोटारींमध्ये होते.

ट्रॅक्टर उद्योगात नाव आणि पैसा मिळविलेल्या फेरूचिओ लॅम्बोर्गिनी यांनी १९६३ मध्ये बोलोन्याजवळील सान्तआगाता या गावी मोटारींचा कारखाना उभारला. एन्झो फेरारी यांनी केलेल्या अपमानाला उत्तर म्हणून त्यांनी हा व्यवसाय सुरू केल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. लांबच्या प्रवासाला योग्य अशा आरामदायी आणि भरवशाच्या मोटारी बनवाव्यात, शर्यतींच्या वाटेला जाऊ नये, असे मालकाचे धोरण होते. जानपाओलो दल्लारा आणि पाओलो स्टान्झानी हे अभियंते व न्यूझीलंडहून आलेला चाचणीचालक बॉब वॉलेस या तिघांना मात्र ते मानवत नव्हते. तिघेही तिशीच्या आतले होते. कामाचे तास संपल्यावर त्यांनी शर्यतीच्या धर्तीवरील मोटारीचा आराखडा तयार केला. मालकाने त्यास संमती दिली ती मुख्यतः प्रसिद्धीसाठी. अशा मोटारी फार खपतील अशी त्यांची अपेक्षा नव्हती.

बाह्यांगाचे काम तुरिनच्या बेर्तोने या संस्थेकडे गेले आणि तेथे मार्सेल्लो गांदिनी या अवघ्या २७ वर्षांच्या आरेखकाने ते पार पाडले. त्याच संस्थेतून १९६५ मध्ये बाहेर पडलेल्या जोर्जेत्तो जुजारो यांचा त्यात किती वाटा होता, यावर पुढे बराच वाद झाला. आरेखनाचे श्रेय मात्र गांदिनी यांच्याच नावे रूढ झाले. जेमतेम १०५ सेंटिमीटर उंची, इंजिनावर झडपांसारख्या आडव्या पट्ट्या, आकाशाकडे डोळे लावून पडलेले दिवे आणि त्यांच्याभोवती पापण्यांसारख्या काळ्या रेघा, असे तिचे रूप होते. मार्च १९६६ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती प्रथम अवतरली तेव्हा इंजिन जागेवर नीट बसलेलेच नव्हते. वजन भरून झाकण बंद ठेवण्यात आले आणि ते कोणासही उघडू दिले गेले नाही, असे सांगतात. नाव देण्यात आले झुंजीच्या बैलांची पैदास करणाऱ्या स्पेनमधील मिउरा घराण्याचे. कंपनीचे बोधचिन्हही बैलच, कारण फेरूचिओ यांची रास वृषभ होती.

इंजिन मध्यभागी असलेली ही पहिली मोटार नव्हे. शर्यतींच्या मोटारींत ती पद्धत रुळलेली होती आणि खुद्द इटलीतच 'एटीएस' या अल्पजीवी कंपनीने १९६३ मध्ये तशी रस्त्यावरची मोटार दाखविली होती. परंतु बारा सिलिंडरचे जवळजवळ चार लिटर क्षमतेचे इंजिन आडवे बसविणे आणि गिअरबॉक्स त्याच ओतीव कवचात सामावणे, हे धाडस कोणी केले नव्हते. ही कल्पना ब्रिटनच्या चिमुकल्या 'मिनी'वरून सुचलेली होती.

कौतुकाच्या भरात बहुतेक लेखांमधून मिउराचे दोष वगळले जातात. ते योग्य नव्हे, कारण आजच्या किमतीचे निम्मे रहस्य त्यांतच आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सला एकच तेल पुरत असल्याने दातेरी चक्रांतून झिजलेले धातूचे कण इंजिनातही फिरत. इंधनाची टाकी पुढच्या भागात होती. ती रिकामी होऊ लागली की भरधाव मोटारीचे नाक वर उचलले जाई आणि सुकाणूवरची पकड सुटल्यासारखी वाटे. सर्वांत घातक बाब म्हणजे आग. शर्यतीच्या धाटणीचे कार्ब्युरेटर थेट इंजिनाच्या माथ्यावर होते. मोटार गर्दीत खोळंबली की त्यांतून पेट्रोल ओसंडे, आसपास साचे आणि एखाद्या ठिणगीने भडका उडे. कित्येक मिउरा अशा जळाल्या. ज्या वाचल्या त्यांतही मूळ इंजिन, मूळ सांगाडा आणि मूळ पत्रा एकत्र टिकून राहिलेल्या मोटारी थोड्याच आहेत.

सुधारणा टप्प्याटप्प्याने होत गेल्या. 'पी४००' या पहिल्या आवृत्तीत ३५० अश्वशक्ती होती. १९६८ अखेरच्या 'एस' आवृत्तीत ३७० अश्वशक्ती आणि विजेवर चालणाऱ्या काचा आल्या. १९७१ च्या 'एसव्ही'मध्ये शक्ती ३८५ वर गेली, मागील चाके रुंद झाली, त्यांना सामावण्यासाठी बाह्यांग फुगविण्यात आले आणि दिव्यांच्या पापण्या गेल्या. अखेरच्या काही 'एसव्ही' मोटारींत इंजिन व गिअरबॉक्सचे तेल वेगळे करण्यात आले. तोवर फेरूचिओ यांचाच पाय या व्यवसायातून निघत होता; १९७२ मध्ये त्यांनी कंपनीतील बहुसंख्य हिस्सा विकला. १९७३ मध्ये मिउराचे उत्पादन थांबले. साडेसातशेपेक्षा किंचित अधिक मोटारी बनल्या, पैकी 'एसव्ही' सुमारे दीडशे.

नवी असताना मिउरा अमेरिकेत सुमारे २० हजार डॉलरला मिळे. त्यानंतर तेलटंचाई आली, कंपनी दिवाळखोरीत गेली आणि जुनी मिउरा म्हणजे दुरुस्तीचा न परवडणारा खर्च अशी स्थिती झाली. ऐंशीच्या दशकाअखेर इटालियन मोटारींच्या सट्टेबाजीत तिचे भाव चढले आणि नव्वदीच्या आरंभी तितक्याच वेगाने कोसळले. खरी, टिकाऊ वाढ झाली ती एकविसाव्या शतकात. सप्टेंबर २०२० मध्ये लंडनजवळील हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातील लिलावात १९७१ ची एक 'एसव्ही' ३२ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली.

एवढी रक्कम मोजणारा ग्राहक सौंदर्य नव्हे, क्रमांक पाहतो. सांगाड्यावरील आणि इंजिनावरील क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी जुळतात का? कारखान्यातून निघताना रंग कोणता होता? पहिली आवृत्ती मागाहून फुगवून 'एसव्ही' भासविलेली तर नाही? सुस्थितीतील 'एसव्ही'ला 'पी४००'पेक्षा कितीतरी अधिक भाव येत असल्याने असे रूपांतर करण्याचा मोह पूर्वी अनेकांना झाला. त्याहून मोठा घोळ 'एसव्हीजे'चा आहे. वॉलेसने १९७० मध्ये शर्यतीच्या नियमांना अनुसरून 'योता' नावाची एकमेव प्रायोगिक मोटार बनविली होती. ती विकल्यानंतर अपघातात जळून गेली. तिच्या कीर्तीमुळे काही धनिकांनी तिच्या धर्तीवर मोटारी मागविल्या आणि कारखान्याने मोजक्याच करून दिल्या. त्यांतील इराणच्या शहांची मोटार १९७९ च्या क्रांतीनंतर जप्त झाली. १९९७ मध्ये जिनिव्हातील लिलावात हॉलिवूड अभिनेता निकोलस केज याने ती सुमारे पाच लाख डॉलरला घेतली. खासगी कार्यशाळांतून घडविलेल्या नकला मात्र अस्सल 'एसव्हीजे'पेक्षा कितीतरी अधिक आहेत.

या गोंधळावर उपाय म्हणून कंपनीने २०१५ मध्ये 'पोलो स्तोरिको' हा जुन्या मोटारींचा विभाग उभारला. अभिलेखांची जपणूक, प्रमाणपत्रे आणि जीर्णोद्धार ही त्याची कामे. त्याचा सर्वांत गाजलेला निवाडा २०१९ मधील आहे. १९६९ च्या 'द इटालियन जॉब' या चित्रपटाच्या आरंभी आल्प्सच्या घाटातून केशरी मिउरा धावते आणि बोगद्यात चिरडली जाते. प्रत्यक्षात चिरडलेली मोटार दुसरीच, आधीच अपघातग्रस्त झालेली होती. धावलेली मोटार सुखरूप परतली, विकली गेली आणि गर्दीत हरवली. ३५८६ या सांगाडा क्रमांकाची मोटार तीच असल्याचे पन्नास वर्षांनंतर कागदपत्रांवरून आणि मोटारीच्या तपासणीवरून प्रमाणित झाले. तेव्हा ती लिश्टेनश्टाईनमधील एका संग्रहात होती.

कागदांचा हा आग्रह कधी कधी इतिहासालाच पुसून टाकतो. बेर्तोने यांनी जानेवारी १९६८ मध्ये ब्रसेल्सच्या प्रदर्शनात बिनछपराची एकमेव मिउरा सादर केली होती, फिकट निळ्या रंगाची. नंतर ती शिसे व जस्त उद्योगाच्या एका संशोधन संस्थेने घेतली आणि जस्ताचे उपयोग दाखविण्यासाठी तिचे अनेक भाग नव्याने घडवून तिला हिरवा रंग दिला. त्या हिरव्या रूपात ती काही दशके राहिली. २००८ मध्ये नव्या मालकाने मोठा खर्च करून ती ब्रसेल्समधल्यासारखी फिकट निळी करून घेतली आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे प्रदर्शित केली.