बर्फावरची गाडी रस्त्यावर येते तेव्हा

आजचा विषय वाचून काहींना गंमत वाटली असेल. स्नोमोबाइल, म्हणजे पुढे दोन स्की, मागे रबरी ट्रॅक आणि बर्फावरून सुसाट पळणारी गाडी. ती ट्रेलरवर कायद्याप्रमाणे कशी बांधायची, यात इतिहास कसला? पण या गाडीच्या कपाळी एक चमत्कारिक नशीब लिहिलेलं आहे. रस्ते बंद असतात म्हणून ती जन्माला आली, आणि रस्ते उघडले तेव्हा ती दुसऱ्या गाडीवरचं ओझं झाली. ओझं म्हटलं की कायदा आलाच. तो मात्र फार सावकाश आला.

कॅनडाच्या क्युबेक प्रांतात वाल्कूर नावाचं गाव आहे. तिथला जोसेफ-आर्मां बोंबार्डिए हा मेकॅनिक लहानपणापासून बर्फावर चालणाऱ्या गाड्यांचा नाद लागलेला माणूस. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फानं बुजलेले, दवाखान्यापर्यंत पोचायला साधन नाही. मूल गेलं. १९३७ मध्ये बोंबार्डिएला त्याच्या दातेरी चाक आणि ट्रॅकच्या रचनेचं पेटंट मिळालं, आणि त्यातून सात माणसांची बी-७ नावाची गाडी तयार झाली. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं अशा कामांसाठी ही वाहनं वापरात आली. तेव्हा ती कशावर बांधून नेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तीच लोकांना वाहून नेत होती.

मग १९४८ साली क्युबेक सरकारनं ठरवलं की ग्रामीण रस्तेसुद्धा हिवाळ्यात साफ ठेवायचे. लोकांसाठी चांगलीच गोष्ट, पण बोंबार्डिएच्या मोठ्या गाड्यांची विक्री एकदम खाली आली. साफ रस्त्यावर साधी मोटार धावते, मग ट्रॅकवाली कोण घेणार? काही वर्षं त्यानं जंगलात आणि खाणीत चालणारी यंत्रं करून दिवस काढले. १९५९ मध्ये त्यानं एक-दोन माणसांपुरती हलकी गाडी बाजारात आणली, ती स्की-डू. पहिल्या वर्षी सव्वादोनशेच्या आसपास खपल्या. सीमेपलीकडे अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रोझो गावी पोलारिसची गाडी त्याआधीच, १९५० च्या दशकात, सुरू झाली होती. १९७१ पर्यंत उत्तर अमेरिकेतली वर्षाची विक्री पाच लाखांच्या घरात गेली.

आता ही गाडी कामाची राहिली नाही, मौजेची झाली. आणि मौज करणारा माणूस शहरात राहतो, बर्फाच्या वाटा मात्र दोनशे-तीनशे किलोमीटरवर. साफ केलेल्या डांबरी रस्त्यावर स्की आणि ट्रॅक घासत जाणं शक्य नाही. म्हणून पिकअप आली, तिच्यामागे ट्रेलर आला, आणि ट्रेलरवर दोन-दोन, चार-चार स्नोमोबाइल चढल्या.

इथे कायद्यानं पहिली खूण उमटवली ती रुंदीवर. अमेरिकेत १९८२ च्या कायद्यानं राष्ट्रीय महामार्गांवरच्या मालवाहनांची रुंदी १०२ इंच धरली. दोन स्नोमोबाइल शेजारी-शेजारी ठेवल्या तर जेमतेम तेवढीच जागा लागते. म्हणून १०१ इंच रुंदीचे ट्रेलर बनू लागले. एका इंचाची ही काटकसर मला फार बोलकी वाटते!

बांधण्याचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. स्नोमोबाइलला पुढे-मागे सस्पेन्शन असतं. हँडलवरून पट्टा टाकून ओढला की तो घट्ट वाटतो. पण खड्ड्यात सस्पेन्शन आणखी दबतं, पट्टा क्षणभर सैल होतो, आणि त्याच क्षणी हूक निसटतो. म्हणून जाणकार स्कीच धरतात, कारण त्या सस्पेन्शनच्या खाली असतात. स्कीवर एक आडवा दांडा ठेवायचा आणि मधला आट्यांचा खिळा फिरवून तो ट्रेलरच्या फळीवर आवळायचा. अनेकजण इथेच थांबतात. मागचा भाग मोकळा राहतो, आणि वळणावर गाडीचं शेपूट डोलू लागतं. मागच्या बंपरला रॅचेटचा पट्टा हवाच.

आता कायद्याकडे येऊ. माल बांधण्याचे नियम ट्रकवाल्यांसाठी जुनेच होते. पण किती जोर सहन झाला पाहिजे याचा पक्का हिशेब १९९० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडानं मिळून केलेल्या संशोधनातून निघाला. त्यावर आधारलेला अमेरिकेचा नियम सप्टेंबर २००२ मध्ये जाहीर झाला आणि १ जानेवारी २००४ पासून पाळणं बंधनकारक झालं. कॅनडात त्याचंच भावंड राष्ट्रीय सुरक्षा संहितेचं दहावं मानक.

त्याचा गाभा असा: ब्रेक लागल्यावर मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढच्या दिशेनं आला तरी माल हलता कामा नये. मागे आणि बाजूंना ०.५ पट. २५० किलोची स्नोमोबाइल घ्या. पुढच्या बाजूला २०० किलो वजनाइतका जोर पेलला पाहिजे. ताशी १०० किलोमीटरवरून साडेतीन सेकंदांत थांबलात तर एवढा जोर येतो. शिवाय निघाल्यावर पहिल्या ५० मैलांच्या आत चालकानं थांबून पट्टे तपासायचे, कारण नवीन ताणलेला पट्टा याच टप्प्यात बसतो आणि सैल होतो. या नियमातलं सगळ्यात शहाणं कलम मला हेच वाटतं.

मोटारींसाठी या नियमात वेगळं कलम आहे: पुढे आणि मागे, दोन्हीकडे बांधा. दहा हजार पौंडांवरच्या यंत्रांसाठी वेगळं. स्नोमोबाइलचं नाव घेऊन मात्र स्वतंत्र कलम नाही. हलकी वाहनं यातल्या कुठल्याही योग्य रीतीनं बांधावीत, एवढंच. आणि मोठी मेख पुढे आहे. हा सगळा हिशेब धंद्याच्या गाड्यांसाठी. शनिवारी सकाळी स्वतःची गाडी ओढत निघालेला हौशी माणूस त्यात बसतच नाही. त्याला लागतो राज्याचा कायदा, आणि तो बराच काळ नुसता पावतीचा दंड होता.

फेब्रुवारी २००४ मध्ये, म्हणजे केंद्राचा नियम लागू होऊन जेमतेम दोन महिने होत असताना, वॉशिंग्टन राज्यात सिॲटलजवळच्या महामार्गावर एका भाड्याच्या उघड्या ट्रेलरवरून लाकडी फर्निचरची फळी उडाली. मागच्या मोटारीची काच फोडून ती आत घुसली. चालवणारी २४ वर्षांची तरुणी वाचली, पण दोन्ही डोळे गेले. माल नीट न बांधणाऱ्याला मिळाली ती वाहतुकीच्या दंडाची पावती! तिच्या आईनं पाठपुरावा केला, आणि २००५ मध्ये त्या राज्यात कायदा झाला: न बांधलेल्या मालामुळे कुणाला गंभीर इजा झाली तर तो गुन्हा, वर्षभरापर्यंत कैद आणि ५,००० डॉलरपर्यंत दंड. यात धंद्याचा ट्रक आणि घरचा ट्रेलर असा भेद नाही. ती स्नोमोबाइल नव्हती, हे खरं. पण २५० किलोची गाडी आणि एक फळी यांत कुठली मागच्याला जास्त महाग पडेल, हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेतल्या एएए या मोटारचालकांच्या संघटनेच्या संशोधन संस्थेनं २०११ ते २०१४ या चार वर्षांचा हिशेब मांडला. रस्त्यावर पडलेल्या वस्तूंमुळे दोन लाखांवर अपघात, पाचशेच्या वर मृत्यू. यातले सुमारे दोन-तृतीयांश अपघात गाड्यांची देखभाल न केल्यामुळे किंवा माल नीट न बांधल्यामुळे.

शेवटी एक छोटी गोष्ट. ट्रेलर नसेल तर काहीजण स्नोमोबाइल पिकअपच्या हौद्यातच चढवतात. गाडी लांब, हौदा आखूड, त्यामुळे मागचा भाग बाहेर येतो. केंद्राच्या नियमात चार फुटांपेक्षा जास्त माल मागे आला तर १८ इंची चौरस लाल किंवा नारिंगी चमकदार निशाण लावावं लागतं. घरगुती गाड्यांसाठी राज्याराज्यांचे असेच नियम आहेत. आपल्याकडे सळयांच्या ट्रकमागे लाल फडकं फडफडताना दिसतं, तोच हा प्रकार. प्रश्न असतील तर आता घेऊ या.